चौथी चूक

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या चहानंतर, सूनबाईने सभागृहाचे पडदे ओढून घेतले आणि दोनशे शिक्षकांच्या हातात एकेक छापील कागद दिला. ‘चित्रफीत पाहा व शिक्षिकेच्या चुका शोधा’ असं वर छापलेलं, खाली दहा रिकाम्या ओळी. आईने कागद वहीवर सरळ ठेवला, पेन्सिलीचं टोक बोटाला लावून पाहिलं, चष्मा पुसला आणि पहिल्या बाकावरच्या हुशार पोरीसारखी ताठ बसली. शेजारी ताईने आपल्या कागदाची घडी करून वारा घ्यायला सुरुवात केली. ती कुठली शिक्षिका? तिचं शिवणकामाचं दुकान. आठवडाभर दुकानाला कुलूप लावून ती आली होती ती आईला जिना चढता-उतरता हात द्यायला.

शहात्तर वर्षांच्या बाईने उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृहाच्या लोखंडी खाटेवर झोपून प्रमाणपत्र मिळवायचं, हे ताईला पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. शाब्बाथ शाळेचा, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेचा, बालवर्ग आई अठ्ठेचाळीस वर्षं घेत होती. मंडळीतल्या निम्म्या लोकांना देवाची पहिली गोष्ट तिनेच सांगितली होती, आणि त्यातले काही आता आजोबा झाले होते. पण समितीने नियम काढला की सुट्टीनंतर प्रमाणपत्राशिवाय कुणालाही वर्ग मिळणार नाही. नियम वाचून दाखवला तो सेक्रेटरीने, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाने. शिकवणार होती त्याची बायको, म्हणजे सूनबाई. घरचीच माणसं, रागवायचं तरी कुणावर, असं म्हणून आईने पिशवी भरली. घरचीच माणसं म्हणूनच ताईचा राग दुप्पट झाला होता.

पडद्यावर एक वर्ग दिसू लागला. पंधरा-वीस मुलं, छोट्या खुर्च्या, फ्लॅनेलचं कापड ताणून बसवलेला फळा आणि त्याच्यापुढे उभी एक म्हातारी बाई. बाईच्या चेहऱ्यावर धुरकट चौकोन बसवलेला होता. ताईचा वारा घेणारा हात थांबला. बाईचं जाकीट राखाडी होतं आणि त्याचं तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा गडद होतं. तसली बटणं संपली म्हणून ते गडद बटण ताईनेच लावलं होतं, दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, दुकानाच्या खिडकीपाशी बसून. चेहरा झाकला की माणूस झाकलं जातं असं ज्याला वाटतं, त्याने जन्मात कधी कुणाचा कपडा शिवलेला नसतो. तिने मान वळवून आईकडे पाहिलं. आई लिहीत होती.

सभागृहात हळूहळू रंग भरू लागला. बाई मुलांकडे पाठ करून फळ्याशीच बोलतात, असं कुणीतरी सांगितलं. आवाज म्हणजे नुसतं पुटपुटणं, दुसरं कुणी म्हणालं. असला फळा आमच्या आजीच्या लहानपणी होता, असं मागच्या रांगेतला एक तरुण मास्तर म्हणाला आणि चांगलाच हशा पिकला. सूनबाई प्रत्येक उत्तराला मान डोलवत होती आणि मंचावरच्या पांढऱ्या फळ्यावर एकाखाली एक चुका लिहून काढत होती. ती खुनशीपणाने हसत नव्हती, हेही ताईला दिसत होतं. ती अगदी मन लावून आपलं काम करत होती, आणि ताईला तेच सहन होईना.

गोष्ट हरवलेल्या मेंढराची होती. पडद्यावरची बाई डब्यातून एकेक कापडी मेंढरू काढून फळ्यावर चिकटवत होती. अकरा झाली. बाराव्यासाठी तिने डब्यात हात घातला तर डबा रिकामा. मग ती थांबली. हात एकमेकांत गुंतवून नुसती उभी राहिली. मुलं चुळबुळ करू लागली, एक पोरगं खुर्चीवरून घसरलं, तरी बाई तशीच उभी. सूनबाईने चित्रफीत तिथेच थांबवली आणि इथे काय झालं, असं विचारलं.

“चित्र हरवलं,” तरुण मास्तर म्हणाला. “आणि पुढचं बोलायचंही.”

हशा ओसरेपर्यंत सूनबाई थांबली. मग तिने फळ्यावर चारचा आकडा घातला.

“चूक क्रमांक चार. पूर्वतयारी नाही. साहित्य मोजून आणलेलं नाही, त्यामुळे मुलांची जवळजवळ दोन मिनिटं वाया गेली. हा मृत वेळ आहे. असा वेळ वर्गात येऊ द्यायचा नाही.”

ताई अर्धी उठली होती. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण बोलणार होती नक्की. तेवढ्यात आईने तिचं मनगट धरलं.

“बस,” आई हळूच म्हणाली. “पाठ चालू आहे.”

हा आईचा जन्माचा नियम. पाठ चालू असताना कुणी उठायचं नाही, मग छपराला आग का लागेना. ताई चौपन्न वर्षांची होती, आणि ती बसली.

मधल्या सुट्टीत तिने आईला वर खोलीत नेलं. वसतिगृहातल्या मुली घरी गेलेल्या, त्यांनी कपाटांच्या दारांवर चिकटवलेली चित्रं कुणीतरी अर्धवट खरवडून ठेवलेली. आईने खाटेवर बसून बूट काढले आणि पाय चोळायला घेतले. ताई दोन खाटांच्या मध्ये येरझारा घालत राहिली. आपण आत्ताच्या आत्ता निघायचं, मी पिशव्या भरते, असं तिने जाहीर केलं. आई म्हणाली की दुपारी तिचा नमुना पाठ आहे, दहा मिनिटांचा, परीक्षकांसमोर, आणि तो दिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

“तू स्वतःला ओळखलंस ना?” ताईने विचारलं.

“आवाजावरून. आधी वाटलं, कोण बाई ही, जाकीट तर बरं घातलंय.”

ताईला हसू आलं नाही. तिने आईच्या वहीतला कागद ओढून घेतला. आईने चुका खरोखरच लिहिल्या होत्या, गोल, सुट्या अक्षरात, जागा न सोडता. पहिली, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही. दुसरी, दारापाशी बसलेल्या मुलाकडे बाईंनी एकदाही पाहिलं नाही. तिसरी, पाय थकतात, बाईंनी खुर्ची घ्यावी. पाचवी, लाल झग्यातल्या मुलीला दोनदा तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. चौथी ओळ कोरी होती.

“आई, लोक हसत होते आणि तू त्यांना आणखी चुका पुरवत होतीस?”

“खऱ्या आहेत त्या. खरी चूक लिहायला काय लाजायचं?”

चौथी कोरी का, हे ताईला कुणी सांगायला नको होतं. मेंढरं तिच्याच कात्रीची. मागे खरखरीत लोकरी कापड लावलेलं, म्हणजे फ्लॅनेलला घट्ट धरून बसत. डब्यात बाराच्या बारा असायची, आणि वर्ग भरायच्या आधी आई त्यातलं एक उचलून कुणाच्या तरी खुर्चीखाली ठेवायची. अकरा लावली की गप्प उभी राहायची. मुलं आधी चुळबुळायची, मग एकमेकांकडे बघायची, मग एखादं शहाणं फळ्यावरची मेंढरं मोजायचं आणि सगळी वाकून शोधू लागायची. कधी एक मिनिट लागायचं, कधी पाच. “कुठे होतं?” आई विचारायची. “माझ्याच खुर्चीखाली,” असं सांगून ते मूल स्वतःच्या हाताने मेंढरू फळ्यावर लावायचं, आणि मग उरलेली गोष्ट. इतक्या वर्षांत आईने ते मेंढरू कधी स्वतः शोधून दिलं नव्हतं की शोधा म्हणून सांगितलं नव्हतं. हरवलेल्याची आठवण आपली आपल्याला झाली पाहिजे, एवढंच ती म्हणायची.

आईच्या हातात चहाचा कप देऊन ताई तडक खाली ऑफिसात गेली. धाकटा प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यावर सह्या करत बसला होता. एक सही, तिच्यावर एक फुंकर, की कागद बाजूला.

“ताई, चेहरा झाकलेला होता,” तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

म्हणजे तयारीतच होता. ताईने दार लावलं नाही. ऐकू दे ज्याला ऐकायचं त्याला. मग त्याने सगळं शांतपणे, सभेत बोलावं तसं समजावून सांगितलं. समितीत कुजबुज होती की सेक्रेटरी आपल्या आईला आयतं पास करणार. तेव्हा घरच्यांना सवलत नाही, हे लोकांना दिसणं गरजेचं होतं. सूनबाईला जुन्या पद्धतीच्या पाठाचं एक उदाहरण हवं होतं आणि हे घरात तयार होतं. नाव तर कुठेच घेतलेलं नाही.

“तुझी कॉलर पांढरी राहावी म्हणून आईला चव्हाट्यावर बसवलंस?”

“शब्द जपून वापर, ताई.”

“मी कात्री जपून वापरते. शब्दांचं मला जमत नाही.”

तो पुढची सही करणार तोच त्याची मुलगी आत आली. बावीस वर्षांची, यंदाच पहिल्यांदा वर्ग घ्यायला लागलेली. तिचे डोळे लाल होते. चित्रण तिचं होतं. आजीच्या पंचाहत्तरीला आठवण म्हणून तिने अख्खा वर्ग फोनवर घेतला होता, आणि केक कापताना सगळ्यांनी तो घरात बसून पाहावा अशी तिची हौस होती. ते राहूनच गेलं होतं.

“माझ्या आईने मागितलं तेव्हा इथे लावणार असं सांगितलं नाही, आत्या,” ती म्हणाली. “आणि ते अर्धंच आहे. पुढे ती दोन वेण्यांवाली खुर्चीखालून मेंढरू काढते, फळ्यावर लावते. मी घेतलंय सगळं. ते कापलंय.”

“पाच मिनिटांत बसवायचं होतं,” दारातून सूनबाई म्हणाली. हातात मार्कर पेनांची पेटी, चेहऱ्यावर सकाळपासूनचा थकवा. “आणि पडलेलं चित्र शेवटी मुलीला सापडलं, त्याने चूक कशी बदलते?”

ताईने तिच्याकडे नीट पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की मेंढरू पडलं होतं.

“चोवीस वर्षं झाली तुला या घरात येऊन,” ताई म्हणाली. “आईच्या वर्गात एकदा तरी शेवटपर्यंत बसलीस?”

“मोठ्या मुलांचा वर्ग त्याच वेळी असतो, ताई. तो मी घेते.” हेही खरं होतं. सूनबाईचा आवाज जरा खाली आला. “काही वेगळं असेल तर मला कुणी सांगायचं नाही का? यांनी तर दोनदा पाहिली चित्रफीत. मंजुरी यांचीच आहे.”

आणि इथे ताईचा राग बसल्या जागेवरून उठला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्याच्या टेबलापाशी, जाऊन बसला. धाकटा सहा वर्षांचा होता तेव्हा एका रविवारी मेंढरू त्याच्या खुर्चीखाली निघालं. त्याने ते फळ्यावर लावलंच नाही. खिशात घालून घरी आणलं, आठ दिवस उशीखाली घेऊन झोपला, आणि मागितलं की भोकाड पसरायचा. असू दे त्याला, आई म्हणाली. मग बारा वर्षांच्या ताईने वडिलांच्या जुन्या कोटाच्या अस्तराचं नवं मेंढरू कापलं. ते तिच्या आयुष्यातलं पहिलं कापणं. दुनियेत कुणालाही ती चौथी चूक वाटली तरी या एका माणसाला वाटणं शक्य नव्हतं. तो दोनदा पाहून, मंजुरी देऊन, सकाळी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

आईइतकी सबुरी तिच्या अंगात नव्हती, तरी ती थांबली, हात एकमेकांत गुंतवून. आता सांगेल, बायकोला आणि पोरीला आपल्या तोंडाने सांगेल. धाकट्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग पेनचं टोपण काढलं.

“सह्या राहिल्यात,” तो म्हणाला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

जेवल्यावर विश्रांती न घेता आई सभागृहात गेली. मंचावर परीक्षकांच्या तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या, मधली अध्यक्षांची, म्हणजे चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेबांची, डावीकडे सूनबाईची, उजवीकडे सेक्रेटरीची. पुढच्या टेबलावर माइक आणि हातघंटा. ताई फ्लॅनेलचा फळा उभा करण्यात गुंतली होती. आई खुर्च्यांपाशी वाकलेली तिला दिसली, तेव्हा चष्म्याचं घर पडलं असेल असं वाटलं. मग तिने डबा उघडून मेंढरं मोजली.

“आई, एक कमी आहे.”

“असू दे,” आई म्हणाली आणि जाकिटाची बटणं लावू लागली. गडद बटण नीट दिसेल असं तिने जाकीट मुद्दाम सारखं केल्यासारखं ताईला वाटलं. कदाचित तिचा भासही असेल.

आईचा नंबर तिसरा लागला. ती मंचावर चढली आणि सभागृहातून एक कुजबुज गेली, पुढून मागे. राखाडी जाकीट ओळखायला शिंपीच लागतो असं नाही. तरुण मास्तराने समोरच्याच्या पाठीआड मान घातली. आईने एक खुर्ची मागून घेतली आणि बसली. सकाळच्या कागदावरची तिसरी चूक अशी दुरुस्त झाली. मग तिने दारापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, त्याला नमस्कार केला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात गोष्ट सुरू केली. तीच गोष्ट. मेंढपाळ कसा दमून घरी येतो, मेंढरांची नावं त्याला कशी पाठ असतात, त्यातलं एक कसं सगळ्यात खोडकर. एकेक करून अकरा मेंढरं फळ्यावर लागली. आईने डब्यात हात घातला, बाहेर काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसली.

सभागृह शांत झालं. एक मिनिट गेलं. पंख्यांचा आवाज येऊ लागला. कुणीतरी खोकलं. सूनबाई हातातल्या घड्याळाकडे बघत होती, मग फळ्याकडे, मग घड्याळाकडे. तिचे ओठ हलत होते. ताईला कळलं की ती मेंढरं मोजते आहे. मागच्या रांगेतल्या एका बाईने वाकून आपल्या खुर्चीखाली पाहिलं, मग तिच्या शेजारणीने, आणि मग रांगच्या रांग वाकली. दोनशे शिक्षक, चष्मे सावरत, गुडघे धरत, खुर्च्यांखाली शोधू लागले. पाळकसाहेबसुद्धा पोट सांभाळून वाकले. ताईने खाली पाहिलं नाही. तिला खुर्च्यांपाशी वाकलेली आई आठवली.

दहा मिनिटं झाली. घंटा वाजवायचं काम सूनबाईचं.

“आई, वेळ संपली,” ती हलकेच म्हणाली.

“गोष्ट संपली नाही,” आई म्हणाली.

ताई आणि सूनबाई सोडल्या तर सगळ्या सभागृहात न वाकलेला माणूस एकच होता. सेक्रेटरी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसला होता, कानांच्या पाळ्या लाल. सूनबाईने घंटेवरचा हात काढून घेतला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. शोधत नाही तो, कारण त्याला शोधायची गरज नाही, हे तिला उमगत असताना ताईला तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा ताईला ती आपली वाटली. सूनबाई उठली, त्याच्या खुर्चीमागे गेली, सगळ्यांदेखत गुडघे टेकून खाली हात घातला आणि मेंढरू बाहेर काढलं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. माइक चालू होता, शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत गेले. “सकाळीही माहीत होतं. मला तिथे उभं राहून बोलू दिलंत.”

तिने मेंढरू त्याच्या तळहातावर ठेवलं. मग ती पांढऱ्या फळ्यापाशी गेली. सकाळची यादी अजून तशीच होती. तिने त्यातली चौथी ओळ हाताने पुसली, अगदी खूण राहणार नाही अशी, आणि तळहात काळा झाला तसा घेऊन आपल्या जागी येऊन बसली.

“कुठे होतं?” आईने विचारलं. आवाज बालवर्गातला, तसाच.

सेक्रेटरी उभा राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, छातीला समितीचा बिल्ला, हातात बोटभर कापड. त्याला बराच वेळ लागला. आईने घाई केली नाही.

“माझ्याच खुर्चीखाली.”

“मग लाव.”

त्याने लावलं, तिरकं. आईने उरलेली गोष्ट चार वाक्यांत संपवली आणि ताईचा हात धरून पायऱ्या उतरली. दारापाशी तरुण मास्तर टाळ्या वाजवू लागला, पण आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात खिशात घातले. पाळकसाहेबांनी घसा खाकरून सांगितलं की वेळेचे गुण कापावे लागतील, नियम तो नियम, पण बाकीचे गुण पुरून उरतात. प्रमाणपत्र संध्याकाळच्या आत आईच्या पिशवीत होतं, मुलाच्याच सहीचं. तो द्यायला आला तेव्हा आईने त्याचा गाल थोपटला आणि तू दुपारी नीट जेवला नाहीस, असं म्हणाली. एवढ्यात तिचं मिटलं. आईचं सगळं असं पटकन मिटतं, आणि त्याचा ताईला आयुष्यभर वैताग आला आहे.

ताई मंचावर फळा आवरत होती. सूनबाई आणि भाची खुर्च्या रचत होत्या, दोघी एका बाजूला. ताईने मेंढरं सोडवून डब्यात टाकली, मोजली, पुन्हा मोजली. अकरा. तिने मान वर केली. धाकटा समोर उभा होता, मूठ मिटलेली.

“ताई,” तो म्हणाला, सहा वर्षांचा असल्यासारखा. “हे मी ठेवू?”

ताईने डबा त्याच्यापुढे धरला.

“टाक यात. या वेळी मी दुसरं कापून देणार नाही.”